चौथ्यांदा सुटलेले नट: टर्बो गाडीच्या एक्झॉस्टमधल्या स्टडचं एक प्रकरण

गाडी आत यायच्या आधीच आवाजावरून अंदाज आला होता. थंड इंजिन सुरू केलं की टक-टक-टक, जणू टॅपेट वाजतंय. पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं की आवाज गायब. टॅपेटचा आवाज असा शहाण्यासारखा गप्प बसत नाही. मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांमधला धूर गोळा करणारा ओतीव नळ, तापून फुगतो, फट बुजते आणि गळती तेवढ्यापुरती थांबते, तेव्हा असं होतं. बॉनेट उघडलं तर चौथ्या सिलिंडरच्या पोर्टखाली काजळीचा काळा पंखा उमटलेला, आणि टर्बो व मॅनिफोल्डच्या जोडातला एक नट नुसत्या बोटांनी फिरत होता.

दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन. हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा आणि टर्बाइनचं घरही बिडाचं. डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरचा पाइप, मात्र नंतर बसवलेला, स्टेनलेसचा. मालक महिन्यातून एकदा गाडी ट्रॅकवर नेतो, एरवी रोजच्या वापरात असते. त्याची तक्रार एका वाक्यात: वर्षभरात तीनदा नट-बोल्ट बदलले, दर वेळी आधीपेक्षा 'भारी' घातले, आणि आता चौथ्यांदा तेच.

जुने बोल्ट त्याने एका डब्यात जपून ठेवले होते. मला विचाराल तर गाडीपेक्षा तो डबाच जास्त बोलत होता.

डब्यातला इतिहास

पहिली खेप ८.८ ग्रेडच्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या बोल्टांची. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते. मुलामा जळून पांढरट भुकटी झालेली. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि टर्बोच्या फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या सपाट कडेवर, ते तापमान किरकोळ आहे. मुलामा जाऊन बोल्ट गंजला असता तर तेवढ्यावर भागलं असतं. पण वितळलेलं जस्त ताणाखालच्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतं, हा खरा धोका. डब्यातल्या एका बोल्टाचं डोकं तसंच उडालं असावं. तुटलेला भाग सपाट होता, कुठे लांबलेला किंवा बारीक झालेला दिसत नव्हता.

दुसरी खेप १२.९च्या काळ्या ॲलन बोल्टांची. 'सगळ्यात मजबूत ग्रेड' म्हणून घातलेले. इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून थोडं थांबतो. १२.९ म्हणजे तुटण्याची ताकद साधारण १२०० मेगापास्कल आणि त्याच्या ९० टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. आकडा खरा आहे, पण तो खोलीच्या तापमानाचा. ही ताकद पोलादाला पाणी पाजून आणि नंतर टेम्पर करून, म्हणजे पुन्हा बेताने तापवून, आणलेली असते. टेम्परिंग साधारण ४०० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात होतं. बोल्ट त्याहून जास्त तापला, की इंजिनच त्याला पुन्हा टेम्पर करतं, तेही रोज आणि फुकट. नव्या १२.९ बोल्टाचा कडकपणा रॉकवेल सी मापावर ३९ ते ४४ असायला हवा. डब्यातला बोल्ट तपासला तर ३०सुद्धा भरला नाही. कानस फिरवली तर साध्या बोल्टासारखी चावली. म्हणजे १२.९चे पैसे मोजून काही आठवड्यांत ८.८ किंवा त्याहून हलका माल पदरात पडला होता.

तिसरी खेप स्टेनलेसची, ए२-७०. 'गंजत नाही, उष्णता सोसतं' हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. ए२ला खवले धरत नाहीत, दिसायला छान राहतं. पण ७० म्हणजे ७०० मेगापास्कल, आणि कायमचं लांबणं ४५० पासून सुरू. शिवाय ही ताकद धातू थंड असताना ओढून-दाबून आणलेली असते, तापल्यावर हळूहळू ओसरते. त्यात स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट घातला की आटे एकमेकांत रुतून बसतात. डब्यातल्या दोन स्टडवर (स्टड म्हणजे डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) नट अजून तसाच होता. सोडवताना स्टडच पिळवटून तुटला होता.

तीन खेपा, तीन वेगळ्या खोड्या. पण तिन्ही वेळा माल निवडणाऱ्याने प्रश्न एकच विचारला होता: याहून मजबूत काय मिळेल?

आधी लाजिरवाणी गोष्ट

धातूंच्या चर्चेत आमचा एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर असताना मी सहज डाउनपाइप धरून हलवला, तर अख्खा टर्बो त्याच्याबरोबर डुलला. मूळ गाडीत डाउनपाइपला इंजिन ब्लॉकशी जोडणारी एक पट्टी असते. नवा डाउनपाइप बसवताना ती पट्टी जुळली नाही म्हणून काढूनच टाकली होती. म्हणजे टर्बो आणि डाउनपाइप यांचं सगळं वजन चार एम१० (१० मिलिमीटर जाडीच्या) स्टडवर, छज्ज्यासारखं लटकलेलं. त्यात रस्त्याचे धक्के आणि इंजिनाची थरथर.

नट सुटतात ते बहुधा वर-खाली ओढल्याने नव्हे, तर जोड आडवा सरकल्याने. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने हे दाखवलं. फ्लँज आडवी घसरायला लागली की आट्यांमधलं घर्षण जणू निघून जातं आणि नट आपल्या आपण उलटा फिरतो. स्प्रिंग वॉशर अशा वेळी काही कामाचा नाही. त्यात टर्बोच्या तापात त्याचा ताठपणाच जातो आणि उरते एक चपटी कडी. तशा दोन कड्याही डब्यात होत्या.

पट्टी नव्याने बनवली, मधे सरकायला थोडी जागा ठेवून, म्हणजे डाउनपाइप लांबला तर पट्टी त्याला अडवणार नाही. नुसत्या एवढ्यावर बरेच नट टिकले असते असं माझं प्रामाणिक मत आहे. पण तुटलेले स्टड आणि लांबलेले आटे यांचा हिशेब पट्टीने लागत नव्हता.

टर्बोचा जोड: कोण किती फुगतो

गाडी डायनोवर, म्हणजे जागच्या जागी भार देऊन चालवायच्या यंत्रावर, घेतली. एका स्टडच्या बाहेरच्या टोकातून दीड मिलिमीटरचं भोक पाडून त्यात के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बसवलं, दुसरं फ्लँजवर. पूर्ण भाराखाली इंजिन चालवल्यावर मॅनिफोल्डची फ्लँज ७२० अंशांवर आणि स्टडचं अंग ६०० वर स्थिरावलं. एक्झॉस्टचा वायू यापेक्षा कितीतरी गरम असतो. टर्बो पेट्रोलमध्ये ९५० ते १०५० ही नेहमीची मजल आहे.

आता गणित. फ्लँजांची एकत्र जाडी २५ मिलिमीटर. स्टड आवळतो तेव्हा आपण त्याला रबरासारखं थोडं ताणतो, आणि ते ताणलेपण म्हणजेच जोडाची पकड. हे ताणलेपण किती असतं? ए२-७० स्टडवर ३०० मेगापास्कलचा ताण दिला, तर २५ मिलिमीटरमागे जेमतेम ०.०३९ मिलिमीटर. केसाच्या जाडीहूनही कमी. सगळा खेळ एवढ्या भांडवलावर.

बीड दर अंशाला दशलक्षांश साडेबारा भागांनी फुगतं. फ्लँज ७०० अंशांनी तापली की २५ मिलिमीटरचे ०.२१९ मिलिमीटर वाढले. ए२ स्टेनलेस त्या तापमानापर्यंत सरासरी १८.४ भागांनी फुगतं. स्टड फ्लँजपेक्षा थंड, ५८० अंशांनीच तापलेला, तरी ०.२६७ मिलिमीटर वाढतो. फरक ०.०४८. आणि आपलं भांडवल होतं ०.०३९. म्हणजे इंजिन पुरतं तापलं की स्टड फ्लँजपेक्षा लांब झालेला असतो आणि नट हवेत. कोणी कितीही आवळू दे.

हे गणित ढोबळ आहे. गॅस्केटची लवचिकता, तापल्यावर धातूचा कमी होणारा ताठपणा, फ्लँजचं किंचित वाकणं, काहीच यात धरलेलं नाही. पण स्टेनलेस का सुटलं, ते कळायला एवढं पुरेसं आहे. जाडी वाढवून, लांब स्टड घालूनही हा फरक भरून निघत नाही, कारण फुगणं आणि ताणलेपण दोन्ही लांबीच्या प्रमाणातच वाढतात. लांबीचा फायदा वेगळ्या ठिकाणी होतो, त्याकडे येतोच.

जाणकार मंडळी इथे ताबडतोब 'ए२८६ घाला' म्हणतात. मीही आधी तेच म्हणालो. ए२८६ म्हणजे २५ टक्के निकेल, १५ टक्के क्रोमियम आणि थोडं टायटॅनियम असलेलं मिश्रपोलाद. त्याचा कडकपणा ७२० अंशांच्या आसपास कित्येक तास भट्टीत मुरवून आणतात. त्यामुळे ६०० अंशांवर ते नरम पडत नाही. ताकदीच्या बाजूने त्यात खोट नाही. पण त्याचं फुगणं साडेसतरा भाग. आमच्या स्टडसाठी ०.२५४ मिलिमीटर, म्हणजे बिडापेक्षा ०.०३५ जास्त. ३५० मेगापास्कलवर आवळला तर भांडवल ०.०४४. शिल्लक ०.००९, पाचवा हिस्सा. स्टड तुटणार नाही, लांबणार नाही, पण पूर्ण भाराखाली जोड जेमतेम तग धरेल.

टर्बाइनचं घर आणि मॅनिफोल्ड दोन्ही उष्णतारोधक ओतीव स्टेनलेसचे असते तर ए२८६ अगदी चपखल बसलं असतं, कारण ते दोघे बरोबरीने फुगतात. अशा गाड्यांमध्ये ए२८६ला मिळालेली वाहवा खरीच आहे. ती बिडाच्या गाडीला आपोआप लागू होत नाही, इतकंच.

इन्कोनेल ७१८, हे निकेलप्रधान मिश्रण, त्याच पट्ट्यात साधारण १४.६ भागांनी फुगतं. स्टडची वाढ ०.२१२, फ्लँजची ०.२१९. तापल्यावर पकड सुटण्याऐवजी केसभर घट्टच होते. ६५० अंशांपर्यंत त्याची ताकद फारशी हलत नाही. म्हणून टर्बोच्या चार जागी ७१८चे एम१० स्टड गेले, महाग असूनही. स्वस्तातला पर्याय म्हणून क्रोम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमचं २१सीआरएमओव्ही५-७ हे पोलाद पाहिलं होतं. बिडाशी त्याची फुगण्याची जोडी उत्तम जमते. पण ते साधारण ५४० अंशांपर्यंतचा गडी. आमचा स्टड ६०० वर होता. ही गाडी डिझेल असती, तर वायूचं तापमान बरंच कमी असल्याने बहुधा मी तिथेच थांबलो असतो.

नट मात्र ७१८चा नाही. एकाच धातूचे दोन आटे तापून एकमेकांवर दाबले गेले की पुन्हा तेच रुतणं. नट ए२८६चा घेतला, चांदीचा मुलामा दिलेला. चांदी ९६१ अंशांपर्यंत वितळत नाही आणि आट्यांमध्ये वंगणाचं काम करते. नटाचं तोंड किंचित लंबगोल दाबलेलं, त्यामुळे तो आट्याला धरून राहतो. नायलॉनची कडी असलेला नट कोणी इथे सुचवू नये, ती पहिल्याच फेरीत वितळते.

हेडचा जोड: इथे दुखणं वेगळं

हेडवरचे स्टड एम८, ८.८ ग्रेडचे. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या टोकाचे दोन तुटलेले. मधले शाबूत. हा नमुना ओळखीचा आहे.

मॅनिफोल्डची लांबी ४०० मिलिमीटर. तो सरासरी ६०० अंशांवर गेला की २.९ मिलिमीटर लांबतो. हेड पाण्याने थंड, ११० अंशांच्या आसपास, ॲल्युमिनियमचं असूनही लांबतं ०.८. फरक दोन मिलिमीटरचा. मधला स्टड जागेवर धरला तर प्रत्येक टोकाला एक-एक मिलिमीटर सरकायला हवं. म्हणून मूळ मॅनिफोल्डची टोकाची भोकं मोठी किंवा लांबट असतात. या गाडीवर बदलून बसवलेल्या मॅनिफोल्डची सगळी भोकं सारखी साडेआठची. एम८ स्टडभोवती पाव मिलिमीटर जागा. पुढचा पाऊण मिलिमीटर स्टडलाच वाकवून काढायचा, प्रत्येक वेळी तापताना एका बाजूला, थंड होताना उलट. तार वाकवून-वाकवून तोडतो तसं. तुटलेल्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं: बराचसा भाग काळवंडलेला, म्हणजे भेग जुनी, आणि एका कडेला चिमूटभर चकचकीत भाग, जो शेवटच्या दिवशी तुटला. इथे इन्कोनेल घातलं असतं तरी ते फक्त थोडं उशिरा तुटलं असतं. टोकाची भोकं रुंद केली आणि जाड वॉशर दिले.

मधला एक शाबूत स्टड काढून व्हर्नियर लावला. नवा ४८.० मिलिमीटरचा, हा ४८.३. नट आट्यावरून मजेत फिरत येत होता आणि एका जागी अडत होता. तिथे पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी) धरला तर दाते आट्यांत बसेनात. म्हणजे स्टड तापाने नव्हे, आवळतानाच लांबला होता. मालकाला विचारलं. त्याने सांगितलं, मागच्या वेळी 'पुढे सोडवायला सोपं जावं' म्हणून तांब्याचं ॲन्टी-सीझ (आटे रुतू नयेत म्हणून लावायचा लेप) भरपूर चोपडलं होतं आणि टॉर्क पाना पुस्तकातल्या २५ न्यूटन-मीटरवर लावला होता.

पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी होता. कोरड्या एम८ला २५ न्यूटन-मीटर दिले तर सुमारे साडेपंधरा किलोन्यूटन पकड येते. आट्यांना वंगण असेल तर तोच पाना, तोच क्लिक, पण पकड २४ किलोन्यूटन. एम८चं ताण घेणारं क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिलिमीटर, म्हणजे ६५५ मेगापास्कल. आणि ८.८चा स्टड ६४० वर हात टेकतो. ॲन्टी-सीझ वाईट नाही. आम्हीही लावलं, निकेलचं, कारण ते तांब्यापेक्षा जास्त ताप सोसतं. पण टॉर्क १७ वर आणला.

आता लांबीचा फायदा. जोडाची जाडी इथे फक्त १२ मिलिमीटर. ४०० मेगापास्कलवर आवळलेला स्टड तेवढ्या लांबीत ०.०२४ मिलिमीटर ताणला जातो. नवं गॅस्केट पहिल्या काही फेऱ्यांत ०.०२ बसलं तर पकडीचं जवळपास दिवाळंच. नटाखाली २० मिलिमीटरची नळी घातली, स्टड तेवढा लांब घेतला, तर ताणलेपण ०.०६४ होतं आणि गॅस्केट बसूनही दोन-तृतीयांश पकड हातात राहते. लांब स्टड वाकायलाही जास्त मोकळा. नळ्या मुद्दाम स्टेनलेसच्या केल्या. त्या स्टडपेक्षा जास्त फुगतात आणि तापल्यावर हरवणारी थोडी पकड परत मिळवून देतात. जे फुगणं टर्बोच्या जोडात वैरी होतं, तेच इथे कामाला लावलं.

स्टडचा धातू म्हणजे वर नापास केलेलं तेच २१सीआरएमओव्ही५-७. हेडकडचा भाग ३०० अंशांपुढे जात नाही, तेव्हा ते निवांत टिकतं. याहून कडक काही मी जाणूनबुजून घेतलं नाही. समोर ॲल्युमिनियमचे आटे आहेत. कधी काळी काही जायचंच असेल तर स्टड जावा, हेडचे आटे नव्हे. आणि हेडमध्ये तुटलेला ७१८ ड्रिलने काढायची वेळ शत्रूवरही येऊ नये. तो ड्रिलखाली आणखी कडक होत जातो. साध्या पोलादाचे दोन तुटके आम्ही नट वेल्ड करून काढले, एक सरळ आला, दुसऱ्याला ड्रिल आणि हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) लागलं. मॅनिफोल्डचा चेहरा सपाट नव्हता, तोही मशीनवर घेतला. नट तांब्याच्या मुलाम्याचे, लंबगोल तोंडाचे.

डाउनपाइप

इथे पाच एम८ स्टड आणि उलट उत्तर. स्टडने धरलेली फ्लँज स्टेनलेसची, पाचशे अंशांच्या घरात. ती स्वतःच भरपूर फुगते. ७१८ इथे लावला असता तर तापल्यावर फ्लँज त्याला इतकी ताणती की गॅस्केट चेचलं जातं, आणि थंड झाल्यावर जोड ढिला. फ्लँजच्या जोडीने फुगणारं ए२८६ इथे बरोबर. उरलेले टर्बोचे स्टड बघून मालकाने 'मग इथेही तेच घाला ना' म्हटलं होतं. त्याला पहिल्या जोडाचंच गणित उलटं करून दाखवलं.

नंतर

सगळं बसवून पहिली तापा-थंडीची फेरी झाल्यावर, इंजिन पूर्ण गार असताना, टर्बोचे नट ३० न्यूटन-मीटरवर पुन्हा तपासले. दोन नट जरासे फिरले, गॅस्केट बसल्याचं चिन्ह. नट फिरला का हे बघायला रंगाची रेघ मारायची सवय असते, पण इथे रंग जळून जातो. त्यामुळे नट आणि फ्लँज दोन्हींवर छिन्नीने एकेक बारीक खूण केली.

सहा महिन्यांनी, ट्रॅकच्या पाच-सहा फेऱ्यांनंतर, गाडी पुन्हा लिफ्टवर आली. टर्बोच्या आणि डाउनपाइपच्या खुणा समोरासमोर. ७१८चा एक स्टड काढून मोजला, लांबीत फरक आढळला नाही. हेडवर चौथ्या सिलिंडरच्या टोकाचा स्टड सपाट काचेवर लोळवला तर किंचित डुलत होता. तिथलं भोक आणखी अर्धा मिलिमीटर रुंद केलं, स्टड नवा घातला, आणि जुना मालकाने मागून घेतला, डब्यात टाकायला.